सोसायटीच्या भिंतीवरचं मॉस कसं ओळखायचं, आणि ते बघायला सुरुवात मे महिन्यात का करायची

ठाण्यात पावसाळा लागला की आठ-दहा दिवसांत कंपाउंडच्या भिंती हिरव्या होतात आणि सगळे म्हणतात, शेवाळ उगवलं. पण त्यातलं मॉस, म्हणजे खोड-पानं असलेली बारीक बिनफुलांची झाडं, तेव्हा नव्याने उगवलेलं नसतं. ते मार्च-एप्रिल-मेमध्येही तिथेच असतं, फक्त सुकून आवळलेलं, काळपट तपकिरी, वर धुळीचा थर, त्यामुळे आपल्याला तो भिंतीचा मळ वाटतो. पाणी लागलं की तीच जुनी पानं उघडतात आणि भिंत एकदम हिरवी दिसते. म्हणून कोणी विचारलं की मॉस बघायला कधी सुरुवात करू तर मी मे महिना सांगते, लोकांना आश्चर्य वाटतं, पण सुकलेलं मॉस ज्याला ओळखता आलं त्याला पावसातलं आपोआप ओळखता येतं, उलटं मात्र होत नाही.

दुसरं म्हणजे येऊरच्या जंगलात जायची गरज नाही. म्हणजे जा, सुंदरच आहे, पण तिथे एका दगडावर चार-पाच जाती एकात एक गुंतलेल्या असतात आणि नवीन माणूस गोंधळून सोडून देतो. जगात मॉसच्या साधारण १२ हजार जाती आहेत, त्या सगळ्या कोणालाच पाठ नसतात. तुम्ही एकच धरा, तुमच्या बिल्डिंगच्या भिंतीवरची, आणि ती सुकलेली, ओली, कॅप्सूल (म्हणजे बियांऐवजी असणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंची कुपी) आलेली, कॅप्सूल नसलेली अशी सगळ्या अवस्थांत बघा. एक नीट कळली की बाकीच्या "ही ती नाही" एवढं तरी सांगता येतं, आणि ओळखायला शिकणं तिथूनच सुरू होतं.

आपल्या भागात ही एक जात म्हणजे बहुतेक वेळा हायोफिला इन्व्होल्युटा. हे मॉस जगभरच्या उष्ण प्रदेशात आहे, चुना असलेल्या दगडावर, ओढ्याकाठच्या खडकावर आणि माणसाने बांधलेल्या भिंतींवर. पॉटिएसी हे त्याचं कुळ. उंची अर्धा ते एक सेंटिमीटर, फार तर थोडं जास्त. एकेक झाड बघायला गेलं तर काहीच नाही, पण ती शेकडोंनी एकमेकांना खेटून उभी राहतात आणि त्याची दाट गादी तयार होते. शाळेच्या पुस्तकात फ्युनेरिया नावाच्या मॉसचं चित्र असतं त्यामुळे बरेच जण भिंतीवरचं काहीही बघून फ्युनेरिया म्हणून मोकळे होतात. फ्युनेरियाची कॅप्सूल फुगीर, वाकडी आणि खाली मान घातलेली असते, हायोफिलाची सरळ उभी आणि नळीसारखी, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवर तो गोंधळ मिटतो.

सामान फार लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं घडीचं, ते सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईलला लावायची मॅक्रो क्लिप चालते पण ती भिंगाच्या जागी नाही, भिंगासोबत. एक टोकदार चिमटा, एक टाचणी, जुन्या वर्तमानपत्राच्या चौकोनी घड्या, पेन्सिल. फोल्डस्कोप असेल तर अतिउत्तम. शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या टीमने बनवलेला हा कागदी मायक्रोस्कोप साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत पोचलाय, घरातल्या मुलाकडे पडून आहे का ते आधी विचारा. भिंग वापरताना भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि मग स्वतः भिंतीकडे सरकायचं. हातभर लांब धरून बघाल तर काही दिसणार नाही.

आता शोधायचं कुठे. इथे मी थोडं सविस्तर सांगणार आहे कारण जागा कळली की अर्धं काम होतं.

पहिली गोष्ट भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि बाकी सगळं वर्ष दक्षिणेला. म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीला वर्षातले साडेनऊ महिने दुपारचं ऊन थेट लागत नाही, आणि जे अडीच महिने लागायचं त्यातला जून-जुलै ढगातच जातो. अशा भिंतीवर मॉस टिकतं. दक्षिणेच्या भिंतीवर पावसात हिरवटपणा येतो पण दिवाळीनंतरच्या उन्हात ती लवकर कोरडी पडते आणि तिथली गादी पातळ राहते. अर्थात समोर दुसरा टॉवर असेल, पिंपळ किंवा जांभूळ असेल तर हे गणित बदलतं, त्यामुळे दिशा बघा आणि सावली पण बघा.

दुसरी गोष्ट भिंत कशाची आहे. हायोफिलाला चुना चालतो, किंबहुना आवडतो, म्हणून सिमेंटचं प्लास्टर आणि जुन्या बांधकामातले चुन्याचे सांधे ही त्याची हक्काची जागा. पण सिमेंट अगदी नवीन असेल तर नाही. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ च्या घरात असतो, म्हणजे ते फारच अल्कधर्मी असतं, त्यावर मॉस धरत नाही. पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा थर हळूहळू सौम्य होतो, पावसाने खडबडीत होतो, बारीक खड्ड्यांत धूळ साठते, मग मॉस येतं. म्हणूनच घोडबंदर रोडच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या चकचकीत भिंतींवर शोधण्यात वेळ घालवू नका. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर इथल्या जुन्या सोसायट्या, नाहीतर वाशी-नेरूळ-बेलापूरमधली सिडकोच्या वेळची बैठी घरं आणि रो-हाउसेस, तिकडे जा. बाहेरच्या बाजूला ॲक्रिलिक रंग असेल तर त्यात बुरशी-शेवाळ रोखणारं औषध असतं, तो रंग जिथे पोपडे धरून गळलाय नेमकी तिथे मॉसची सुरुवात दिसेल.

काळ्या दगडाची संरक्षक भिंत असेल, पारसिक हिलच्या बाजूला किंवा घोडबंदर किल्ल्याकडे दिसते तशी, तर मजा बघा, बेसॉल्टचा गुळगुळीत दगड काळाच्या काळा आणि सांध्यांची रेघ तेवढी हिरवी. सांध्यात चुना आहे, खडबडीतपणा आहे, ओल धरून राहते. ही रेघ एकदा दिसली की मग सगळीकडे दिसायला लागते.

तिसरी गोष्ट पाणी कुठून येतंय. भिंतीच्या तळाचा दीड-दोन फुटांचा पट्टा, कारण तिथे जमिनीवर आपटून पावसाचं पाणी उडतं आणि जमिनीतली ओल पण वर चढते. गळणाऱ्या पाइपचा सांधा. पंपरूमची मागची बाजू. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे एसीच्या पाण्याच्या नळीखाली. मे महिन्यात ही जागा जरूर शोधा. एसीचं पाणी हे हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात, आणि ऐन उन्हाळ्यात ते रोज टपकत राहतं. आमच्या मागच्या गल्लीत अशी एक भिंत आहे जिथे नळीच्या तोंडाखाली तळहाताएवढा पट्टा हिरवागार असतो आणि त्याच्या कडेपासून वीतभर लांब तेच मॉस काळं, कडक, मुडपलेलं. म्हणजे एकाच भिंतीवर, एकाच नजरेत, एकाच जातीची ओली आणि सुकी दोन्ही रूपं. नवीन माणसाला शिकवायला मी तिथेच घेऊन जाते, वॉचमन काकांना पण दाखवलं, त्यांना वाटलं होतं मी लीकेजची कम्प्लेंट करायला आलेय. आता ते स्वतःच सांगतात, ताई, पाइपखालचं बघून घ्या, उद्या एसीवाला येणारे.

जागा मिळाली की सुक्या मॉसची एक अगदी छोटी चिमूट, नखाएवढी, चिमट्याने उचला. खाली माती-सिमेंटचे कण चिकटून येतील, येऊ दे. ती घरी आणून पांढऱ्या बशीत ठेवा आणि आधी सुकीच भिंगातून बघा. प्रत्येक पानाच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला वळलेल्या दिसतील आणि पान सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलेलं, शिवाय अख्खं पान खोडाकडे वाकलेलं. ही खूण लक्षात ठेवा, कडा आत वळतात, बाहेर नाही. आता ड्रॉपरने किंवा बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा आणि भिंग हलवू नका. काही सेकंदांत पानं हलायला लागतात, एकेक करून उलगडतात, खोडापासून लांब होतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत तपकिरी ठिपक्याच्या जागी हिरव्या पानांची चांदणी उभी असते. मी हे कितीतरी वेळा बघितलंय आणि अजूनही प्रत्येक वेळी बघत बसते.

हे होतं कसं तर मॉसला आपल्यासारख्या... म्हणजे मोठ्या झाडांसारख्या पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या नळ्या नसतात आणि खरी मुळंही नसतात. खाली जे तंतू दिसतात ते मूलाभ, त्यांचं मुख्य काम भिंतीला धरून ठेवणं. पाणी घ्यायचं ते थेट पानाच्या पृष्ठभागातून. पान मधली शीर सोडली तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं, वर मेणाचा जाड थर नाही, त्यामुळे पाणी झटकन आत जातं आणि तितक्याच झटकन बाहेरही. बाहेर कोरडं तर आत कोरडं. मोठं झाड असं सुकलं तर मेलंच, हायोफिला मात्र सगळं काम थांबवून पडून राहतो आणि पाणी आलं की परत चालू.

इथेच एक कळकळीची विनंती. हा प्रयोग बशीत करा, भिंतीवर स्प्रे मारून नको. मॉसला सुकल्यावर परत जागं होताना आधी स्वतःची झालेली मोडतोड दुरुस्त करावी लागते, त्यात साठवलेली ऊर्जा खर्च होते, आणि मग बराच वेळ ओलं राहून उजेड मिळाला तरच तो खर्च भरून निघतो. मे महिन्याच्या दुपारी तुम्ही पाणी मारलंत, दहा मिनिटांत ते वाळलं, परत दुसऱ्या दिवशी मारलंत, की त्याचा नुसता खर्चच होत राहतो. शिवाय सुकं मॉस ऊन जेवढं सहन करतं तेवढं ओलं मॉस करत नाही. प्रेमाने रोज शिंपडून मॉस मारणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

पान उघडलं की आता नीट बघायचं. आकार लांबट, बुडाशी अरुंद आणि टोकाच्या बाजूला रुंद होत गेलेला, टोक बोथट किंवा किंचित टोकदार. मधोमध एकच जाड शीर, अगदी टोकापर्यंत जाणारी. पानाच्या वरच्या भागातल्या कडेला बारीक अनियमित दाते असतात, ते १० पटीच्या भिंगात प्रकाश मागून आला तर दिसतात, म्हणून बशी खिडकीत धरा. फोल्डस्कोप असेल तर टाचणीने एकच पान ओढून काढा, पाण्याच्या थेंबात ठेवा आणि बघा. वरच्या अर्ध्या भागातल्या पेशी अगदी लहान, गोलसर-चौकोनी आणि हरितद्रव्याने गच्च, आणि खाली बुडाकडच्या पेशी एकदम लांबट, मोठ्या, काचेसारख्या रिकाम्या. एकाच पानात हे दोन प्रकार स्पष्ट दिसतात, त्या दोन्हींची हद्द शोधा.

कॅप्सूलसाठी मात्र थांबावं लागतं. पावसाळा उतरतीला लागला की आणि त्यानंतर थंडीपर्यंत ती शोधा. पिवळसर-लालसर बारीक दांडी पानांच्या मधून वर येते, अर्धा ते एक सेंटिमीटर, आणि तिच्या टोकावर सरळ उभी नळकांडी कॅप्सूल. कोवळी असताना त्यावर एका बाजूने चिरलेली पातळ टोपी असते, ती गळते, मग खाली लांब चोचीचं झाकण दिसतं. झाकण पडलेली, पिकलेली तपकिरी कॅप्सूल मिळाली तर तिचं तोंड भिंगातून जरूर बघा. बहुतेक मॉसच्या कॅप्सूलच्या तोंडाला दातांची झालर असते, हवेतल्या ओलीप्रमाणे ती उघडझाप करते आणि बीजाणू कधी सोडायचे ते ठरवते. हायोफिलाच्या तोंडाला दातच नाहीत, कड एकदम साधी. पक्की ओळख करायची तर ही खूण फार कामाची.

आता तुम्ही म्हणाल आमच्या भिंतीवर कितीही शोधलं तरी कॅप्सूल दिसत नाही. बरोबर आहे, होतं असं. हायोफिलात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. नराच्या शुक्रपेशींना मादीपर्यंत पोचायला पाण्यातून पोहत जावं लागतं, त्यामुळे अंतर जास्त असेल किंवा अख्खी गादी एकाच लिंगाची असेल तर कॅप्सूल येणार कुठून. मग ते पसरतं कसं, तर ओलं झाड घ्या, पानं चिमट्याने जरा बाजूला करा आणि पान जिथे खोडाला जोडलंय त्या बेचक्यात बघा. तिथे बारीक दांडीवर बसलेले हिरवट-तपकिरी कण दिसतात, काही चांदणीच्या आकाराचे. हे गेमा. पावसाचा थेंब पडला की हे सुटतात, भिंतीवरून ओघळतात, दुसऱ्या भेगेत अडकतात आणि तिथे नवीन झाड, हुबेहूब आधीच्यासारखं. दिसायला अवघड आहेत, पहिल्या झाडात नाही मिळाले तर पाच-सहा झाडं बघा, पण मिळाले की ओळखीबद्दलची शंका बरीच कमी होते.

गोंधळ कशाकशाशी होतो ते आता पटापट सांगते.

भिंतीवरचा किंवा फरशीवरचा हिरवा बुळबुळीत थर, ज्यावरून आपण घसरतो, ते खरं शेवाळ म्हणजे अल्गी. ओल्या बोटाने घासलं की बोट हिरवं होतं, भिंगात पान दिसत नाही, विषय संपला. गच्चीवर पावसात जे जेलीसारखे मळकट हिरवे गोळे पसरतात आणि सुकले की काळे पापुद्रे होतात ते बहुतेक नॉस्टॉक, त्यातही पानं नाहीत. करडे-पांढरट खवले भिंतीला किंवा खोडाला चिकटलेले असतील आणि पाणी टाकून उलगडत नसतील तर ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेलं. कुंडीच्या मातीवर सपाट, दुभंगत जाणारे हिरवे पट्टे किंवा गोल चकत्या दिसल्या तर ते लिव्हरवर्ट, म्हणजे मॉसचेच भाऊबंद, रिक्सिया वगैरे. आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या ओल्या कोपऱ्यात काहीतरी हिरवट-सोनेरी चमकताना दिसलं तर कृपया खरवडू नका, ते सायाथोडियम असू शकतं, तेही लिव्हरवर्टच, आणि बाजूने बघितलं तर त्याची चमक फार सुंदर दिसते.

मॉसमधलेच जवळचे म्हणाल तर पेव्हर ब्लॉकच्या फटीत चंदेरी-पांढरट दाट ठिपके असतात तो ब्रायम अर्जेन्टियम. त्याच्या पानांच्या वरच्या भागात हरितद्रव्य नसतं म्हणून ती चांदी. अंटार्क्टिकापासून शहरांच्या फुटपाथपर्यंत तो सापडतो, आपल्या पार्किंगमध्ये पण असतोच. कॅप्सूल खाली लटकलेली आणि तिची मान फुगलेली असेल तर ब्रायम कोरोनेटम. पानं खोडाच्या फक्त दोन बाजूंना, एका पातळीत सपाट लागलेली असतील तर फिसिडेन्स, तो येऊरच्या पायवाटांच्या कडेला मातीच्या कापलेल्या उतारांवर खूप आहे. खरा त्रास देतो बार्बुला, कारण तो हायोफिलाच्याच कुळातला, त्याच भिंतीवर, साधारण तेवढ्याच उंचीचा. त्याचं पान अरुंद असतं, कडा बाहेरच्या बाजूला मुडपलेल्या, टोकाकडे दाते नाहीत, आणि कॅप्सूलच्या तोंडाला बारीक लांब दात. म्हणून वर सांगितलं की सुक्या पानाची कड कुठे वळते ते आधी बघा. झाडाच्या सालीवर मिळालं तर हायोफिला असण्याची शक्यता कमी, तिथे दुसऱ्या जाती शोधा.

नोंद ठेवा, खरंच ठेवा. वर्तमानपत्राची घडी करून त्यात नमुना ठेवायचा आणि वर पेन्सिलीने लिहायचं: तारीख, जागा, कशावर होतं (प्लास्टर, चुन्याचा सांधा, वीट, दगड), भिंतीचं तोंड कुठे, जमिनीपासून उंची, पाणी कुठून येत होतं. मॉस फुलांसारखं दाबून वाळवायची गरज नसते, हवेत आपोआप वाळतं. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकिटाला बुरशी लागते म्हणून आधी पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा आणि मगच डब्यात टाका. या पाकिटाची गंमत अशी की कितीतरी वर्षांनी काढून पाण्यात टाकलं तरी पानं परत उलगडतात, झाड जिवंत नसलं तरी, आणि ओळख पटवता येते. हर्बेरियममधले, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले जुने नमुने असेच बघतात.

फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (जिथे लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात आणि जाणकार ओळख सांगतात ती वेबसाइट) टाकणार असाल तर एक लांबून जागेचा, एक सुक्याचा, एक ओल्याचा, एक कॅप्सूलचा बाजूने, आणि शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून एक, असे टाका. नुसता हिरव्या गादीचा वरून काढलेला फोटो बघून जाणकार माणूसही जात सांगू शकत नाही, आणि मग लोक म्हणतात कोणी उत्तरच देत नाही.

मुलं घरात असतील तर अजून एक करा. रात्री एक चिमूट मॉस वाटीत थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी ते पिळून घ्या आणि खाली साठलेलं गढूळ पाणी फोल्डस्कोपखाली बघा. रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी फिरताना दिसतील, सूक्ष्म किडे दिसतील, आणि नशीब असेल तर आठ पायांनी हळूहळू चालणारा टार्डिग्रेड. तोही मॉससारखाच सुकून पडून राहतो आणि पाणी मिळालं की उठतो, त्याला राहायला ही जागा का परवडते ते लगेच कळतं. पहिल्या वाटीत नाही मिळाला तर दुसऱ्या भिंतीवरचं घ्या.

घरी वाढवायचं असेल तर त्यासाठी पण सरळ मार्ग आहे. अर्धी भाजकी वीट घ्या, तिला चुना-सिमेंट लागलेलं असेल तर आणखी चांगलं, म्हणजे कुठल्या तरी तोडकामातली. ती एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आपल्याच भिंतीवरचं सुकं मॉस बोटांनी चुरडा आणि तो चुरा विटेवर भुरभुरवा, कारण मॉसच्या तुकड्यातूनही नवीन झाड फुटतं. वीट बशीत, बशीत थोडं पाणी, आणि बशी उत्तर किंवा पूर्वेच्या ग्रिलमध्ये सावलीत. जूनमध्ये केलंत तर उत्तम. आधी हिरवे धागे दिसतील, ते शेवाळ समजून धुऊ नका, मॉसची सुरुवात अशा धाग्यांनीच होते, मग त्यावर छोटी छोटी झाडं येतात. महिने लागतात, घाई नको. खत अजिबात नको. आणि वीट सतत चिंब ठेवू नका, मधेमधे सुकू द्या, नाहीतर अल्गी पुढे जाते आणि मॉसला झाकून टाकते. ते ताकात मॉस मिक्सरला फिरवून भिंतीला फासायचं जे फिरत असतं ते आपल्या हवेत करू नका, जुलैच्या दमटपणात त्याला बुरशी येते आणि वास सुटतो तो वेगळाच.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून चिमूटभरही उचलायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, फक्त बघा आणि फोटो काढा. पावसात तिथे भिंगाने बघायला खाली वाकताना हात कुठे टेकवताय ते आधी बघा, साप-विंचू असतात. बेलापूर आणि घोडबंदर किल्ल्याच्या भिंती पण खरवडू नका. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी असते आणि ती लोक बुडाल्यामुळे आहे, मॉससाठी तिकडे चोरवाटेने जाऊ नका.

दिवाळीत मुलं किल्ल्याला लावायला भिंतीवरचं मॉस खरवडतात, मला ते आवडतं, त्यानिमित्ताने हात तरी लागतो. फक्त तेव्हा नेमका कॅप्सूलचा हंगाम असतो म्हणून एक ठरवून टाका, कुठलीही गादी सगळी काढायची नाही, मधेमधे पट्टे सोडायचे, म्हणजे ती बाजूने भरून येते. आणि काढलेलं मॉस किल्ल्यावर लावायच्या आधी मुलांच्या हातात भिंग द्या.

राहिला प्रश्न सोसायटीचा. मीटिंगमध्ये दरवर्षी निघतं की शेवाळामुळे भिंत खराब होते, केमिकल मारून काढा. सेक्रेटरी काकांना शांतपणे सांगा की पिंपळाचं मूळ भिंत फोडतं, मॉसचे मूलाभ वरच्या थरातच असतात, त्यांना ती ताकद नाही. मॉस आहे म्हणजे तिथे ओल आहे, ती ओल येतेय कुठून ते शोधा, पाइपचा सांधा असेल, गच्चीचा उतार चुकला असेल, ते दुरुस्त केलं की तिथलं मॉस आपोआप कमी होईल. नुसतं मॉस घासून वर रंग मारला तर ओल आतच राहते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे येतात. जिथे माणसं चालतात तिथला, म्हणजे जिन्याचा, रॅम्पचा बुळबुळीत थर जरूर घासा, ती सुरक्षेची गोष्ट आहे, त्यात वाद नको. पण पंपरूमची मागची भिंत, कंपाउंडची आतली बाजू, जिथे कोणी जात नाही, तेवढी रंगकामाच्या यादीतून काढून घ्या, कॉन्ट्रॅक्टरला कोटेशनच्या वेळीच सांगा, काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. आणि तेही जमलं नाही तर प्रेशर पंप लावायच्या आदल्या दिवशी एक चिमूट पाकिटात आणि एक विटेवर काढून ठेवा.